फांदी फाटते, झोका घेऊन अंगावर येते, गाठ सरकते: घरावरच्या आंब्याच्या फांद्या दोराने उतरवताना येणाऱ्या अडचणी

पाऊस तोंडावर आला की कोकणात कौलांवर ओणवलेल्या जुन्या आंब्याच्या फांद्या उतरवायची घाई सुरू होते, आणि दर वर्षी त्याच गोष्टी बिघडतात. फांदी निम्मी कापली जाते न जाते तोच कडाडून मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. दोराला बांधलेली फांदी सरळ खाली जायची सोडून झोका घेते आणि चढलेल्या माणसावर किंवा कौलांवर आदळते. करवत चिरेत रुतून बसते. चढायच्या दोरावरची गाठ सरकते, नाहीतर इतकी आवळते की सुटता सुटत नाही. या प्रत्येकामागे ठरावीक कारण असतं. कापून उरलेला खुंट, दोर आणि गाठ नीट पाहिली तर ते बहुतेक वेळा सापडतं.

पुढचं सगळं हार्नेस (अंगावर बांधायचा पट्ट्यांचा आधार), हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा आणि खाली दोन माणसं आहेत असं धरून लिहिलं आहे. त्या दोघांपैकी एकाला स्वतः चढून वरच्याला उतरवता आलं पाहिजे आणि त्याचा हार्नेस व दोर खाली तयार हवा. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांतच जिवाला धोका होतो. अग्निशमन दलाची वाट पाहण्याएवढा वेळ तिथे नसतो. हार्नेस नसेल, कमरेला नुसता दोर गुंडाळून काम चालत असेल, तर यातला कुठलाही उपाय लागू होत नाही.

विजेच्या तारेचंही आधीच सांगून ठेवतो. तारेपासून माणूस, हत्यार, दोर किंवा कापलेली फांदी ३ मीटरच्या आत येण्याची शक्यता असेल तर महावितरणकडून वाहिनी बंद करून घ्या. ती बंद झाल्याची खात्री त्यांच्याच माणसाकडून होऊ द्या. ओला दोर वीज वाहून नेतो, ओली फांदीही नेते. पोलादी गाभ्याचा कमरेचा दोर (हार्नेसपासून खोडाभोवती घालायचा) तारेजवळ वापरूच नये. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत असाल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो कागद हातात आल्यावरच माणसं बोलवा.

फांदी मोडताना साल सोलली जाते

आडव्या फांदीचा वरचा भाग ताणाखाली असतो आणि खालचा दाबाखाली. नुसतं वरून कापत गेलं की ताणातले तंतू तुटत जातात आणि फांदी खाली झुकू लागते. खालचे न कापलेले तंतू आधी बिजागरीसारखे वाकतात, मग तुटण्याऐवजी उभे फाटत खोडाकडे सरकतात. साल आणि तिच्याखालचं कोवळं लाकूड पट्टीसारखं निघतं. खोडावर पडलेली अशी जखम झाडाला पुढची कित्येक वर्षं पुरते. त्याहून वाईट म्हणजे चढलेल्या माणसाचा कमरेचा दोर त्याच पट्टीखाली असतो. पट्टी आणि फांदी मिळून तो दोर खाली खेचतात आणि माणूस खोडावर चेपला जातो.

कारण ओळखायला खुंट पाहा.

खुंटाच्या खालच्या कडेपासून खोडावर पट्टी सोललेली दिसली, तर खालून खाच घेतलीच नव्हती किंवा ती बोटभरही खोल नव्हती. खुंट मधोमध उभा चिरलेला असेल तर खालची खाच बहुधा प्रमाणाबाहेर खोल होती आणि वरचा काप हळू किंवा थांबत थांबत घेतला गेला. वजन वाढत असताना उरलेलं लाकूड कमी पडलं आणि ते फाटलं. वरच्या आणि खालच्या कापात चार बोटांहून मोठी पायरी राहिली असेल तर दोन काप एकमेकांपासून दूर पडले. त्यामुळे फांदी हवी त्या क्षणी सुटली नाही, लोंबकळत राहिली.

योग्य क्रम असा. खोडापासून साधारण ३० सेंटिमीटर बाहेर, खालच्या बाजूने खाच घ्या. तिची खोली फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. १२ सेंटिमीटर जाड फांदीला ३ ते ४ सेंटिमीटर पुरतात. पातं किंचित जड जाऊ लागलं की तिथेच थांबा, त्यापुढे चीर मिटते आणि करवत अडकते. मग त्या खाचेपासून २ ते ५ सेंटिमीटर बाहेरच्या, म्हणजे शेंड्याकडच्या बाजूला वरून काप घ्या आणि तो मध्ये न थांबता पूर्ण करा. फांदी खालच्या खाचेपाशी सुटते आणि पट्टी तिथेच तुटते. उरलेला ३० सेंटिमीटरचा खुंट हलका असतो. हाताच्या करवतीने कापत असाल तर तो एका हाताने धरून शेवटचा काप घ्यायचा.

आंब्याच्या हाताएवढ्या जाड फांदीला आणखी एक काळजी हवी. वरचा काप घेण्याआधी दोन्ही कडांना बोटाच्या पेराएवढ्या खोल खाचा घ्या. त्याने कडेचं कोवळं लाकूड आणि साल आधीच तुटते, पट्टी निघायला जागा उरत नाही. तिरकस वर चढलेल्या, शेंड्याला जड असलेल्या फांद्यांना हे करायलाच हवं, कारण उभं चिरण्याचा धोका तिथेच सगळ्यात जास्त असतो.

शेवटचा काप कुठे घ्यायचा यावर अजूनही वाद घातला जातो. खोडाला लागून सपाट कापलं की काम नीटनेटकं दिसतं, पण झाडासाठी ते वाईट. फांदीच्या बुडाशी एक फुगवटा असतो आणि वरच्या बाजूला सालीची काळपट घडी दिसते. त्या फुगवट्यात खोडाचे तंतू असतात. तो कापला की जखम फांदीची न राहता खोडाची होते. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड कुजलेलं लाकूड बरं करत नाही, त्याभोवती भिंती उभारून त्याला कोंडतं. त्या भिंतीचा भक्कम भाग या फुगवट्यातच असतो. म्हणून काप सालीच्या घडीच्या बाहेरून सुरू करून फुगवट्याच्या बाहेरच्या कडेवर संपवा. उलट वीतभर खुंट सोडला तर तो वाळतो आणि त्याच्या पोकळीतून पाणी व किडे आत शिरतात.

कापावर बोर्डो पेस्ट लावायची पद्धत बागांमध्ये रुळलेली आहे. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी; दोन्ही वेगवेगळे विरघळवून प्लॅस्टिकच्या भांड्यात एकत्र करायचं. लोखंडी भांडं वापरू नका. पेस्ट वरवरची बुरशी रोखते. चुकीच्या जागी घेतलेला काप मात्र ती दुरुस्त करू शकत नाही.

दोराला बांधलेली फांदी झोका घेते

दोर वरच्या एका बिंदूवरून खाली येतो. फांदी सुटली की तिचा गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या बरोबर खाली जायला बघतो. बिंदू खोडाजवळच्या बेचक्यात असेल आणि फांदी ४ मीटर बाहेर असेल, तर ती खोडाकडे झोका घेणारच. चढलेला माणूस तिथेच उभा असतो. बहुतेक अपघातांची मांडणी अशीच असते, आणि ती करवत सुरू होण्याआधीच झालेली असते.

दोराचा वरचा बिंदू निवडताना दोन गोष्टी पाहायच्या: तो कापायच्या फांदीपेक्षा उंच हवा, आणि शक्यतो फांदी जिथे लोंबायला हवी त्या जागेच्या वर हवा. कौलांपासून दूर अंगणाच्या बाजूला उंचावर जिवंत फांदी असेल तर बिंदू तिथे घ्या. झोका कौलांपासून लांब जाईल. तशी फांदी नसेल तर फांदीच्या शेंड्याकडे वेगळी ओढायची दोरी बांधा. तिसऱ्या माणसाने ती तिरकस बाजूने ताणून धरायची आणि फांदी सुटल्यावर हळूहळू सोडायची. या माणसाने फांदीच्या सावलीत उभं राहायचं नाही.

गाठ फांदीवर कुठे बांधली यावर ती कशी लोंबेल हे ठरतं. बुडाकडे बांधलं की शेंडा आधी खाली जातो आणि बूड वर राहतं. कौलांवर हे चालत नाही, शेंडा कौलं खरवडतो. शेंड्याकडे बांधलं की बूड सुटून खाली येतं आणि खोडाच्या दिशेने झुलतं, चढलेल्याचे पाय त्याच वाटेत असतात. कौलांवरून फांदी आडवीच उचलायची असेल तर तोलाच्या जागी बांधा. पाला-डहाळ्या छाटलेल्या ओंडक्याचा तोल बुडाकडे, साधारण एक तृतीयांश लांबीपाशी असतो. पाल्यासकट फांदीचा तोल जवळजवळ मध्यावर जातो. म्हणूनच आधी बाहेरच्या डहाळ्या हलक्या करून घ्याव्यात. फांदीला सरकता बोलाइन (ओढलं की आवळणारा फास) किंवा क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ) आणि त्यावर दोन अर्ध्या गाठी पुरतात. गाठ एखाद्या उपफांदीच्या मागे अडकेल अशी बसवा, गुळगुळीत सालीवर ती घसरते.

आता वजन. ओल्या आंब्याच्या लाकडाचं वजन अंदाज करताना पाण्याएवढंच धरा. १ मीटर लांब ओंडका १० सेंटिमीटर जाड असेल तर सुमारे ८ किलो, २० सेंटिमीटरला ३१, ३० सेंटिमीटरला ७१, ४० सेंटिमीटरला १२६ किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, आणि डोळ्यांनी अंदाज घेणारा हमखास इथेच फसतो. पाला असेल तर त्यात निम्म्याने भर घाला.

तरीही दोर तुटतो तो बहुतेकदा वजनाने नाही, झटक्याने. १०० किलोची फांदी १ मीटर मोकळी पडली आणि २० सेंटिमीटरच्या आत थांबवली, तर दोरावर सरासरी ६०० किलोचा भार येतो. वरच्या बिंदूवर लावलेल्या पुलीत दोराचे दोन्ही पदर खाली येतात, म्हणून पुली जिथे बांधली त्या फांदीवर जवळजवळ दुप्पट, १२०० किलो. तीच फांदी खालच्या माणसाने २ मीटर दोर सोडत थांबवली तर दोरावर १५० किलोच. खालच्या गड्याने दोर सरकू द्यायचा, करकचून धरायचा नाही, याचं कारण या आकड्यांत आहे. कापण्याआधी दोरातला सगळा ढिलेपणा ओढून घेतला की १ मीटरची मोकळी पडसुद्धा होत नाही.

खालच्या गड्याने दोर दुसऱ्या एखाद्या भक्कम झाडाच्या बुंध्याला वेढून सोडायचा. एक पूर्ण वेढा घर्षणाने भार चौथाई-पाचव्या हिश्शावर आणतो. दोन वेढ्यांत १०० किलोची फांदी एका हाताच्या जोराने थांबते. चार वेढे घेतले तर दोर सुटतच नाही आणि झटका परत येतो. दोर हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळायचा नाही. पायाशी पडलेल्या वेटोळ्यात उभं राहायचं नाही. चामड्याचे हातमोजे घालायचेच.

करवत सुरू करण्याआधी वरचा "तयार?" विचारतो आणि खालचा "तयार" म्हणेपर्यंत थांबतो. चेनसॉच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून हाताच्या खुणा चढण्याआधीच ठरवून घ्या.

वीत-दोन विती लांबीच्या, हाताने पेलणाऱ्या तुकड्यांसाठी दोर लावायची गरज नाही. एका बाजूने मध्याच्या थोडं पुढे काप घ्या. समोरच्या बाजूने २ ते ३ सेंटिमीटर वर किंवा खाली सरकून दुसरा काप घ्या, तोही मध्याच्या पुढे. दोन काप एकमेकांवरून गेले तरी मधले तंतू तुकडा धरून ठेवतात. करवत बंद करून लटकवा, मग दोन्ही हातांनी तुकडा मोडून मोकळ्या जागी टाका. एका हातात तुकडा आणि दुसऱ्या हातात चालू चेनसॉ हे कधीच करू नका. चेनसॉ दोन्ही हातांनी, डावा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवून धरायचा.

करवत चिरेत अडकते

चीर मिटते त्या बाजूला दाब आहे, एवढं लक्षात ठेवलं की कारण सापडतं. नुसत्या लोंबत्या फांदीत दाब खाली असतो, म्हणून खालची खाच खोल गेली की पातं अडकतं. पण दोराने शेंडा आधीच वर ताणून धरला असेल तर गणित उलटतं. आता वरचा भाग दाबाखाली येतो आणि वरून घेतलेला काप मिटतो. अशा वेळी दोरातला ताण थोडा कमी करायला सांगा, किंवा वरून उथळ खाच घेऊन मुख्य काप खालून घ्या. दोन फांद्या एकमेकींवर टेकलेल्या असतील तर दाब कुठल्याही बाजूला असू शकतो. तिथे आधी बोटभर काप घेऊन चीर उघडते की मिटते ते पाहा.

अडकलेली चेनसॉ चालू ठेवून हिसडू नका. बंद करा, फांदी वर उचला किंवा दोराने ताणा, मग सोडवा. हाताची वक्र करवत ओढतानाच कापते. तिच्यावर ढकलताना जोर दिला तर पातं वाकतं.

बिजागरी (न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी) ठेवून फांदी बाजूला वळवायचा काप आंब्याला, चिंचेला, सागाला चांगला लागू पडतो. बिजागरीची जाडी फांदीच्या सुमारे एक दशांश ठेवा. गुलमोहर, शेवगा, पांगारा यांचं लाकूड ठिसूळ आहे, त्यांची बिजागरी वळायच्या आधीच तुटते. तिथे हा काप घेऊ नका.

चढायच्या दोरावरची गाठ सरकते किंवा आवळून बसते

ब्लेक गाठ, म्हणजे हाताने सरकवता येणारी पण वजन पडलं की मुख्य दोराला पकडणारी गाठ, सगळ्यात जास्त वापरली जाते, म्हणून तिचंच सांगतो. मुख्य दोराभोवती खालून वर चार वेढे द्यायचे, त्यातले पहिले दोन अंगठ्यावरून घ्यायचे. चौथ्या वेढ्यानंतर टोक खाली आणा, हार्नेसकडून येणाऱ्या पदराच्या पुढून घ्या, मुख्य दोराच्या मागून फिरवा आणि अंगठा होता त्या जागेतून, म्हणजे खालच्या दोन वेढ्यांखालून, बाहेर काढा. वेढे एकमेकांवर चढू न देता आवळा. टोकाला आठाची गाठ मारा आणि हातभर शेपूट सोडा. आठाची गाठ विसरली तर काही तासांत शेपूट आत सरकत जातं आणि गाठ सुटते.

सरकत असेल तर क्रमाने तपासा. वेढे तीनच झाले का? टोक दोन वेढ्यांऐवजी एकाखालून किंवा तीन वेढ्यांखालून काढलं का? दोर अगदी नवा, गुळगुळीत आहे का? नव्या दोरावर पाचवा वेढा घ्या आणि काही दिवसांनी चारवर या. दोराचा एखादा भाग चकाकतोय आणि बोटांना काचेसारखा लागतोय का? तो भाग भराभर उतरताना वितळून गुळगुळीत झाला आहे, तिथे कुठलीच गाठ धरत नाही. पॉलिस्टर साधारण २५० अंश सेल्सियसला वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास. घर्षणाची उष्णता एकाच जागी साचते म्हणून हळू, थांबत थांबत उतरायचं.

आवळून बसत असेल तर बहुतेक वेळा दोष दोरीच्या जाडीत असतो. प्रुसिकसारख्या वेगळ्या दोरीच्या गाठीसाठी ती मुख्य दोराच्या ६० ते ८० टक्के जाड हवी. १२ मिलिमीटर दोराला ८ ते ९ मिलिमीटर. ६ मिलिमीटरची घेतली तर ती चावून बसते, ११ ची घेतली तर सरकते. प्रुसिकसाठी बाजारातली साधी रंगीत दोरी चालत नाही, उष्णता सहन करणारी दोरीच हवी.

आणि आंबा-फणसाचा चीक. चीक लागलेला भाग आधी चिकटतो, मग वाळून कडक होतो, आणि गाठ एकाच वाटेत कधी अडकते, कधी सुटते. हाताचा आणि करवतीच्या पात्याचा चीक खोबरेल तेलाने निघतो. दोराला मात्र तेल, रॉकेल किंवा थिनर लावू नका. चीक वाळू द्या, नखाने आणि मऊ ब्रशने काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. ज्या भागातला चीक निघत नाही तो भाग गाठीखाली येऊ देऊ नका.

पावसात गाठीचं वागणं बदलतं. ओला नायलॉन जास्त ताणतो आणि ताकद काही टक्क्यांनी गमावतो. कुठलीही गाठ जमिनीपासून हातभर उंचीवर आपलं पूर्ण वजन टाकून, दोन-तीन हिसके देऊन तपासल्याशिवाय वर जायचं नाही. सकाळी एकदा तपासली म्हणून दुपारी तीच गाठ गृहीत धरता येत नाही.

दोर कापला जातो, झिजतो, फसवतो

हार्डवेअरच्या दुकानात नायलॉन म्हणून मिळणारी निळी-पिवळी दोरी पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन असते. ओळखायला एक तुकडा बादलीत टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात. तरंगणारी दोरी उन्हाने ठिसूळ होते आणि घर्षणाने लवकर वितळते, तिच्यावर माणूस लटकू नये. काथ्याचा दोर आतून कुजलेला बाहेरून कळत नाही. चढण्यासाठी ११ ते १३ मिलिमीटरचा, कमी ताणणारा दोर घ्या, त्यावर ईएन १८९१ प्रकार ए (हे युरोपीय मानक) असं लिहिलेलं असावं. त्याची किमान ताकद २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २२०० किलोचा भार. गाठ मारली की आठाच्या गाठीत सुमारे पाव आणि बोलाइनमध्ये साधारण एक तृतीयांश ताकद जाते. फांद्या उतरवायचा दोर वेगळ्या रंगाचा ठेवा. एकदा ओझ्याला वापरलेला दोर परत माणसासाठी वापरायचा नाही, कारण आत किती झटके बसलेत हे कोणालाच दिसत नाही.

ताणलेला दोर पात्याला निसटता लागला तरी तुटतो. ढिल्या दोराला जे पुष्कळ वेळ लागतं ते ताणलेल्याला क्षणात होतं. म्हणून कापताना माणूस नेहमी दोन ठिकाणी बांधलेला हवा: चढायचा दोर वरच्या एका फांदीला आणि कमरेचा दोर दुसरीकडे, खोडाभोवती. दोन्ही एकाच फांदीला बांधले तर ती एकच बांधणी झाली. पात्याच्या पल्ल्यात दोन्हीपैकी एकही दोर नसावा. बाजूची फांदी कापताना चढायचा दोर वरून येऊन करवतीच्या विरुद्ध बाजूला जाईल असं उभं राहा. शेंडा कापताना दोन्ही दोर कापाच्या खाली हवेत. आणि माणसाचा दोर फांदी उतरवायच्या बिंदूवर कधीच नको.

सालीवरून थेट ओढला तर दोर झिजतो आणि झाडाची सालही जळते. दोन कड्यांचा पट्टा बेचक्यात टाकून दोर त्या कड्यांतून घ्या, घर्षणही नेमकं राहतं. रोज सकाळी दोर टोकापासून टोकापर्यंत हातातून सरकवा. मऊ पडलेली जागा, गाठाळ फुगवटा, चकाकणारा भाग, आवरण फाटून दिसणारा गाभा यांपैकी काहीही सापडलं की दोर बाद. पात्याचा ओरखडा दिसला की तेव्हाच बाद. टेप लावून पुढे वापरू नका. बाद दोराचे तुकडे करून टाका, नाहीतर घाईच्या वेळी तो परत कोणाच्या तरी हाती लागतो.

ज्या फांदीला बांधलं ती कितपत भक्कम

आंब्यावर बांधण्याआधी भिरूड (खोड पोखरणारी अळी) पाहा. खोडावर किंवा फांदीच्या बुडाशी बोट जाईल एवढी भोकं, त्यांतून बाहेर येणारा भुसा आणि वाळलेला डिंक दिसला तर ती फांदी बाहेरून हिरवी असली तरी आतून पोकळ असू शकते. बांडगूळ पसरलेल्या फांदीचा त्याच्या पुढचा भाग बहुतेक मेलेला असतो, त्यालाही बांधू नका. बेचकं इंग्रजी व्ही सारखं चिंचोळं असेल आणि सालीची घडी आत गेलेली दिसत असेल, तर दोन फांद्या लाकडाने जोडलेल्याच नसतात. उलट यू सारखं पसरट बेचकं चांगलं. बांधायची फांदी बुडाशी किमान १० सेंटिमीटर जाड, जिवंत आणि खोडाला नीट फुगवट्याने जुळलेली हवी. दोर शक्य तितका खोडाजवळ टाका. टाकून झाल्यावर खालून दोन माणसांनी एकत्र वजन टाकून दोन्ही बाजूंना हिसके द्या आणि झाडाकडे पाहत आवाज ऐका. जांभूळ आणि गुलमोहराची फांदी अशा चाचणीत टिकली तरी तिथे जाडी दीडपट धरावी.

ओंबील मुंग्यांची पानांची घरटी दिसली तर चढण्याआधीच लांब काठीने ती डहाळी कापून टाका. वर असताना मुंग्या हातमोज्यात शिरल्या की माणूस करवत सोडतो. मधमाश्यांचं पोळं असेल तर त्या दिवशी काम होणार नाही.

काम संपल्यावर दोर वर अडकतो

दोर ओढून काढताना अर्ध्यावर थांबला, तर टोकाला राहून गेलेली आठाची गाठ बेचक्यात जाऊन बसली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ओढण्याआधी दोन्ही टोकं हातात घेऊन सगळ्या गाठी आणि कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) काढले की नाही ते पाहा. ज्या टोकाला शिवलेला डोळा (दोर वळवून शिवलेला फास) आहे त्याच्या विरुद्ध टोकाला धरून कधीच ओढू नका, डोळ्याच्या टोकालाच धरून ओढा. म्हणजे वरून साधं टोक सरकून येतं. तरी अडकलाच तर खालून दोन-तीन माणसांनी हिसके देत बसू नका. तुटलेली वाळकी फांदी दोराबरोबर थेट त्यांच्याच डोक्यावर येते. दुसरा दोर टाकून वर जा आणि हाताने सोडवा.